कारणाचा रकाना : वऱ्हाडातील गांजाच्या नोंदींपासून राष्ट्रीय व्यसन-सर्वेक्षणापर्यंत

दारू, गांजा, अफू किंवा गर्द यांच्या आहारी देशातील किती माणसे गेली आहेत आणि त्यांपैकी किती जणांपर्यंत उपचार पोहोचले, या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत छापले जाते. त्या उत्तराचा पहिला शब्द मात्र बहुधा दिल्लीपासून फार दूर, एखाद्या ग्रामीण पोलीस ठाण्यात, आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर किंवा घराच्या ओट्यावर बसलेल्या पाहणीदाराच्या अर्जावर लिहिला जातो. आणि तो कोण लिहितो, कोणाला विचारून लिहितो व लिहिताना त्याच्यावर कसले दडपण असते, यावर पुढच्या सगळ्या बेरजांचा खरेपणा ठरतो. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे हे असा पहिला शब्द लिहिणाऱ्या ठिकाणांपैकी एक होय. गावाला स्वतःचे पोलीस ठाणे आहे, भोवती कापूस, सोयाबीन आणि मक्याची शेती आहे आणि तालुक्याची पश्चिमेकडील हद्द जळगाव जिल्ह्याला भिडलेली आहे. जुन्या मलकापूर परिसरातील या गावाने निजामाचा, इंग्रजांचा, मध्यप्रांत-वऱ्हाडाचा, द्विभाषिक मुंबई राज्याचा आणि महाराष्ट्राचा असे पाच अंमल पाहिले. प्रत्येक अंमलाने व्यसनाची मोजदाद आपल्या गरजेप्रमाणे केली, आणि त्या मोजदादीच्या बऱ्यावाईट सवयी पुढच्या अंमलाच्या पदरात पडत गेल्या.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही व्यवस्था असल्याने सरकारी दफ्तरात या प्रदेशाला ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’, म्हणजे हैदराबादकडून सोपवून घेतलेले जिल्हे, असे नाव पडले. या जिल्ह्यांत मादक पदार्थांचा पहिला पद्धतशीर हिशेब आबकारी खात्याने ठेवला. आबकारी म्हणजे दारू, गांजा व अफूच्या विक्रीवरील कर आणि त्या विक्रीचा परवाना. दुकानांचा दरसाल लिलाव होई, मक्तेदार ठरलेली रक्कम भरी आणि गोदामातून उचललेल्या मालाचे वजन वहीत चढे. वऱ्हाडातील दुकानांत विकला जाणारा गांजा बहुतेक निमाड जिल्ह्यातील खांडव्याच्या बाजूने येत असे. या वहीवरून किती शेर माल खपला आणि तिजोरीत किती रुपये जमा झाले हे चोख कळे, परंतु तो माल किती माणसांनी ओढला, त्यांतील किती जण रोज ओढत आणि किती जण शिमग्या-शिवरात्रीपुरते, याविषयी वही काहीच सांगू शकत नव्हती. शेतावर रात्रभर जागल करणारा माणूस, मठात बसलेला बैरागी आणि चिलमीपायी घरदार विसरलेला माणूस हे तिघेही तिच्यात एकाच वजनात मिसळून जात.

माणसांची मोजणी करण्याची पहिली वेळ आली ती वऱ्हाडातल्या कोणाच्या मागणीवरून नव्हे, तर लंडनहून आलेल्या प्रश्नामुळे. मार्च १८९३ मध्ये विल्यम केन या मद्यपानविरोधी चळवळीतील सभासदाने ब्रिटिश कॉमन्स सभेत बंगालमधील भांगेच्या झाडाची लागवड आणि तिचे लोकांवर होणारे सामाजिक व नैतिक परिणाम यांच्या चौकशीची मागणी केली. हिंदुस्थान सरकारने चौकशीची व्याप्ती बंगालपुरती न ठेवता सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर नेली आणि जुलै १८९३ मध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. हेम्प म्हणजे भांगेचे झाड. त्याच्या मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, पाने म्हणजे भांग आणि त्यातून निघणारा चीक म्हणजे चरस, अशी तिन्हींची फोड आयोगाने आरंभीच करून घेतली, कारण तोपर्यंतच्या सरकारी कागदांत या तीन वस्तूंची वाटेल तशी सरमिसळ झालेली होती. अध्यक्षस्थानी मॅकवर्थ यंग होते आणि सभासदांत राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंग व लाला निहालचंद हे तीन हिंदी गृहस्थ होते. वर्षभरात आयोगाने ८६ बैठका घेतल्या, प्रांतोप्रांती दौरे केले आणि एकूण १,१९३ साक्षी नोंदवल्या. वऱ्हाडच्या साक्षीही त्यांत आहेत. मामलेदारांपासून डॉक्टरांपर्यंत आणि मिशनऱ्यांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांपुढे एकच छापील प्रश्नावली ठेवण्यात आली, ही त्या काळाच्या मानाने मोठीच गोष्ट होती. निरनिराळ्या प्रांतांतील उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून ताडून पाहता येतील, ही सोय त्यामुळे प्रथमच झाली.

आयोगाचे खरे ऐतिहासिक काम मात्र साक्षींत नाही. ते वेड्यांच्या इस्पितळांच्या आकड्यांची जी फेरतपासणी त्याने केली, तिच्यात आहे. गांजा ओढल्याने वेड लागते ही समजूत त्या काळी सरकारदरबारी पक्की होती आणि तिला आधार म्हणून इस्पितळांचे वार्षिक तक्ते दाखवले जात. या तक्त्यांत प्रत्येक रुग्णापुढे वेडाचे कारण लिहिण्याचा एक रकाना असे. तो कसा भरला जाई, हे आयोगाने मुळापासून शोधून काढले. १८५८ च्या वेड्यांविषयीच्या कायद्याप्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्या माणसाला पोलीस धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करीत. सोबत त्याचे वर्णनपत्र, म्हणजे नाव, जात, वय, धंदा, सवयी व वेडाचे कारण यांची माहिती देणारा कागद जाई. हा कागद बहुधा ठाण्यातला शिपाई किंवा जमादार भरी. पकडलेला माणूस स्वतःविषयी काही सांगण्याच्या स्थितीत नसे, पुष्कळदा त्याचे नातेवाईकही जवळ नसत, आणि तरीही रकाना रिकामा ठेवलेला वरिष्ठांना खपत नसे. अशा वेळी माणूस फकीर-बैराग्याच्या वेशात असला, त्याच्याजवळ चिलीम सापडली किंवा तो कधीकाळी गांजा ओढी असे कोणी सांगितले, की ‘गांजा’ हा शब्द लिहून मोकळे होणे सोपे जाई. पुढे इस्पितळाचा डॉक्टर तोच शब्द आपल्या वहीत उतरवी, वहीतून तो वार्षिक तक्त्यात जाई, तक्त्यांची बेरीज प्रांताच्या अहवालात येई आणि अहवाल वाचून दुसऱ्या प्रांतातले डॉक्टर गांजाने वेड लागते असे आणखी खात्रीने लिहू लागत. डॉक्टरांच्या अनुभवातून आला असे ज्या आकड्याविषयी सांगितले जाई, तो प्रत्यक्षात ठाण्यातल्या अंदाजातून आलेला होता.

आयोगाने १८९२ या एका वर्षाची प्रकरणे निवडली. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातील इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले होते आणि त्यांपैकी २२२ जणांपुढे गांजा, भांग किंवा चरस हे कारण लिहिलेले होते; म्हणजे साधारण दर सहा रुग्णांमागे एक. आयोगाने या प्रकरणांची पुन्हा स्थानिक चौकशी करवली, रुग्णांच्या घरच्यांना व शेजाऱ्यांना विचारले गेले, वेड आधी लागले की चिलीम आधी हाती आली याचा काळ जुळवून पाहिला गेला, घराण्यात आधी कोणाला वेड होते काय याची विचारपूस झाली. या फेरचौकशीनंतर २२२ चे ९८ झाले, आणि त्या ९८ मध्येही केवळ गांजा-भांग हे कारण मानता येईल अशी प्रकरणे ६१ च उरली. बाकीच्या ३७ मध्ये दुसरीही कारणे मिसळलेली होती. निम्म्याहून अधिक नोंदी रुग्णाच्या गावापर्यंत जाताच गळून पडल्या. व्यसनांच्या आकडेवारीच्या इतिहासात याइतका मोलाचा प्रयोग हिंदुस्थानात पुन्हा क्वचितच झाला असेल, कारण येथे सरकारने स्वतःच्याच वहीवर अविश्वास दाखवून ती माणसांच्या साक्षीवर घासून पाहिली. माफक सेवनाने बहुतेकांचे विशेष नुकसान होत नाही, अतिसेवन घातक आहे पण ते तुलनेने थोडे आहे, म्हणून पूर्ण बंदी न घालता कर व परवान्यांनी खपाला आळा घालावा, असा निष्कर्ष आयोगाने १८९४ मध्ये काढला. तिजोरीला सोयीचा असा हा निष्कर्ष होता हे खरे. पण त्यामुळे इस्पितळांच्या तक्त्यांविषयी आयोगाने जे सिद्ध केले त्याची किंमत कमी होत नाही.

१८९३ मध्येच लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली अफूविषयीचा शाही आयोगही नेमला गेला. त्याचा १८९५ चा अहवाल आकाराने मोठा असला तरी मोजदादीच्या दृष्टीने उणा आहे. त्याने प्रामुख्याने मते गोळा केली, आणि हेन्री विल्सन या सभासदाने त्याला आपली भिन्नमतपत्रिका जोडली.

अफूविषयीचे सर्वांत बोलके आकडे त्यानंतर पाव शतकाने मुंबईत मिळाले, तेही एका वेगळ्याच कामाच्या ओघात. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडे गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीची पाहणी सोपवली. चाळींतून फिरून केलेल्या या पाहणीत असे आढळले की, गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या १०० मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जात होती. बाळगोळी या नावाने ती बाजारात सहज मिळे, आणि पाळीवर जाणारी आई तान्हे मूल तासन्‌तास निजून राहावे म्हणून ती गोळी त्याच्या तोंडात घाली. आबकारीच्या वहीत ही गोळी किरकोळ विक्रीचा एक क्षुल्लक भाग होती. दुकानाच्या मोजणीत जे दिसूच शकले नसते, ते घरात जाऊन आईला विचारल्यावर पहिल्याच फेरीत दिसले. शिवाय त्या पाहणीने गोळीच्या जोडीला गिरणीचे तास आणि मूल सांभाळायला घरी कोणी नसणे हेही नोंदवले, त्यामुळे ‘अफू’ हा शब्द कारणाच्या रकान्यात एकटा उभा राहिला नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या मराठी मातांच्या घरची ती पाहणी व्यसनाच्या मोजणीचा एक उत्तम मराठी नमुना मानायला हवी.

राष्ट्रसंघाच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या काळात पुन्हा वजनाचे माप पुढे आले. दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला ६ शेर अफू एवढी गरज औषधापुरती म्हणून ग्राह्य धरण्यात आली आणि त्याहून फार अधिक खप असलेल्या हिंदुस्थानातील जिल्ह्यांची चौकशी करण्याचे ठरले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेने तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या अफूचा पुरवठा दहा वर्षांत क्रमाक्रमाने घटवून बंद करण्याचे धोरण आखले. या धोरणातून नोंदणीकृत अफूबाज नावाचा एक नवा वर्ग जन्माला आला. ज्याला अफूवाचून राहणे शक्य नाही असे डॉक्टर लिहून देई, त्याचे नाव नोंदवहीत चढे आणि त्याला ठरावीक प्रमाणात माल मिळे. देशात व्यसनी माणसांची नावनिशीवार यादी प्रथम तयार झाली ती अशी. पण ती यादी शिधापत्रिकेच्या जातीची होती. माल मिळण्यासाठी माणसे नाव नोंदवीत, आणि ज्यांना दाखल्याची कटकट किंवा लाज वाटे ती चोरट्या बाजाराकडे वळून यादीबाहेर राहत.

दारूच्या बाबतीत वऱ्हाडाने याहून कडक उपायांचा अनुभव घेतला. १९३८ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने मध्यप्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा केला, मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि वऱ्हाड १९५६ मध्ये त्या राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात सामील झाले. दारूबंदीत मोजणीचे काय होते, याकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. परवानाधारक पिणारा आरोग्याच्या कारणासाठी पिणारा म्हणून एका वहीत जातो, मोहाच्या किंवा गुळाच्या हातभट्टीवर पिणारा गुन्हेगार म्हणून दुसऱ्या वहीत जातो, आणि ज्याला खरोखर उपचाराची गरज आहे असा माणूस या दोन्ही वह्यांच्या मधल्या फटीतून निसटतो.

अमली पदार्थांच्या बाबतीत हीच फट १९८५ च्या कायद्याने रुंदावली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात अफूचा निमवैद्यकीय वापर १५ वर्षांत व भांगेच्या पदार्थांचा औषधाबाहेरील वापर २५ वर्षांत थांबवण्याची मुदत होती. करार १९६४ मध्ये अमलात आला आणि त्याला अनुसरून भारताचा अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. या कायद्याने सेवनही गुन्हा ठरवले. त्याच वेळी त्याच्या ७१ व्या कलमाने सरकारला उपचार केंद्रे काढण्याचा अधिकार दिला, आणि स्वखुशीने उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम पुढे त्यात आले. मात्र घरोघरी फिरणाऱ्या पाहणीदाराला ‘तुम्ही गांजा किंवा गर्द घेता काय’ या प्रश्नाचे खरे उत्तर मिळणे यापुढे अवघड झाले, कारण खरे उत्तर देणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे असे लोकांना वाटू लागले.

याच सुमारास मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे हलक्या प्रतीचे हेरॉइन, झपाट्याने पसरले. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलेल्या लेखमालेने महाराष्ट्र हादरला आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी दिलेल्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट यांनी त्याची घडी बसवली. रुग्णाबरोबर त्याच्या पत्नीशी व आईवडिलांशी बोलणे हा तेथे उपचाराचाच भाग मानला गेला, आणि त्यामुळे केंद्राच्या कागदांत माणसाचे व्यसन त्याच्या घरासह नोंदले जाऊ लागले. केंद्र सरकारच्या समाजकल्याण मंत्रालयाने याच दशकात स्वयंसेवी संस्थांना व्यसनमुक्ती केंद्रांसाठी अनुदान देणे सुरू केले आणि आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांतून उपचाराची योजना आखली. एकाच रोगाची दोन मंत्रालयांत झालेली ही वाटणी आजही आकडेवारीच्या आड येते, कारण संस्थेत दाखल झालेला आणि सरकारी दवाखान्यात आलेला रुग्ण दोन वेगळ्या वाटांनी दिल्लीला पोहोचतो.

या विखुरलेल्या नोंदींना एका साच्यात आणण्याचा पहिला देशव्यापी प्रयत्न २०००-०१ मध्ये झाला. सामाजिक न्याय मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थविषयक कार्यालय यांनी मिळून केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या सर्वेक्षणाचे अनेक भाग होते. त्यांतील दोन भाग शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला भाग घरोघरच्या पाहणीचा. त्यात १२ ते ६० वर्षे वयाच्या ४०,६९७ पुरुषांना विचारण्यात आले आणि गेल्या महिन्याभरात दारू घेतलेले २१.४ टक्के, गांजा-भांग घेतलेले ३ टक्के आणि अफूजन्य पदार्थ घेतलेले ०.७ टक्के आढळले. दुसरा भाग उपचार केंद्रांचा. देशातील केंद्रांनी तीन महिन्यांत नव्याने आलेल्या प्रत्येक रुग्णाचा एकसारखा अर्ज भरायचा, अशी ही पद्धत होती आणि तिच्यातून १६,९४२ रुग्णांची माहिती जमा झाली. त्यांत दारूचे रुग्ण सुमारे ४४ टक्के, अफूजन्य पदार्थांचे २६ टक्के आणि गांजा-भांगेचे १२ टक्क्यांच्या आत होते. घरात गांजा अफूच्या चौपट, आणि केंद्राच्या दारात अफू गांजाच्या दुपटीहून अधिक. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सेवन किती पसरले आहे ते सांगतो, दुसरा कोणाचे हाल इतके झाले की घरच्यांनी त्याला केंद्रात आणले ते सांगतो. आणि उपचार केंद्राच्या वहीवरून समाजातील व्यसनाचा नकाशा काढू पाहणारा माणूस १८९२ च्या तक्त्यांवर विसंबणाऱ्या डॉक्टरांचीच चूक पुन्हा करतो. या घरोघरच्या पाहणीत स्त्रियांना विचारलेच गेले नव्हते, त्यांच्यासाठी वेगळा छोटा अभ्यास झाला, ही तिची मोठी उणीव होती.

त्यानंतर जवळजवळ दीड दशक या विषयावर एवढ्या मोठ्या आकाराचे स्वतंत्र राष्ट्रीय सर्वेक्षण झाले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दारू व तंबाखूचे प्रश्न विचारले. २०१९-२१ च्या त्याच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील पुरुषांत दारू घेणारे १३.९ टक्के आणि तंबाखू वापरणारे ३३.८ टक्के आढळले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले आणि दारूच्या विकाराने ग्रासलेल्या १०० जणांपैकी ८६ जणांना उपचार मिळत नाहीत असे दाखवून दिले. परंतु ज्या १२ राज्यांत ते झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. ज्या राज्याच्या विदर्भात मनाच्या आजारांचा आणि शेतीच्या संकटाचा प्रश्न एवढा धगधगत होता, ते राज्य या पाहणीत नसणे ही अभ्यासकांना कायम बोचणारी गोष्ट आहे.

ही उणीव मोठ्या प्रमाणात भरून काढली ती दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने. डॉ. अतुल आंबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले हे सर्वेक्षण २०१८ मध्ये पार पडले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १८६ जिल्ह्यांतील २,००,१११ घरांत १० ते ७५ वर्षे वयाच्या ४,७३,५६९ स्त्री-पुरुषांना प्रश्न विचारण्यात आले. बेकायदा पदार्थ घेणारा माणूस घरच्यांसमोर खरे बोलत नाही हे ओळखून दुसरी पद्धतही वापरण्यात आली, आणि तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. आरंभी काही व्यसनी माणसांना विश्वासात घेऊन त्यांची मुलाखत घ्यायची आणि प्रत्येकाच्या हाती मोजकी कूपने द्यायची. तो ती आपल्या ओळखीच्या, तेच व्यसन असलेल्या माणसांना देतो, ती माणसे येतात, पुन्हा कूपने नेतात, आणि साखळी वाढत जाते. अशा रीतीने १२३ जिल्ह्यांत ७०,२९३ व्यसनाधीन माणसांपर्यंत पोहोचता आले. मग त्यांना विचारले जाते की गेल्या वर्षात तुम्ही अमुक उपचार केंद्रात गेला होता काय. समजा, दर दहांतील एक जण गेला होता आणि त्या केंद्राच्या वहीत त्या वर्षी २०० नावे आहेत, तर त्या भागात असे सुमारे २,००० लोक असावेत असा अंदाज बांधता येतो. केंद्राची वही येथे स्वतःपुरती न राहता अदृश्य माणसांची संख्या मापण्याचा गज बनते. ती खोटी किंवा अर्धवट असेल तर सगळे मापच चुकते.

या सर्वेक्षणाने १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात, सुमारे ३.१ कोटी लोक गांजा-भांग-चरस आणि सुमारे २.२६ कोटी लोक अफूजन्य पदार्थ घेतात, असा अंदाज दिला. दारूमुळे ज्यांचे नुकसान होत आहे किंवा जे तिच्या पूर्ण आधीन झाले आहेत असे ५.७ कोटी, आणि अफूजन्य पदार्थांबाबत तसे सुमारे ७७ लाख. या ७७ लाखांतील निम्म्याहून अधिक लोक ज्या मोजक्या राज्यांत आहेत त्यांत महाराष्ट्र आहे. उपचारांचा आकडा मात्र सगळ्यांत कठोर आहे. दारूच्या आधीन झालेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांमागे एक. हे सर्व अंदाज देश आणि राज्य या पातळीवरचे आहेत. बुलढाण्यासाठी, मोताळ्यासाठी, धामणगाव बढ्यासाठी ते कोणतेही उत्तर देत नाहीत.

तालुक्याच्या पातळीवर दारूविषयी जी नोंद खरोखर होते, ती पुन्हा पोलीस ठाण्यात, आणि तीही माणूस गेल्यावर. अकस्मात मृत्यू झाला की ठाण्यात मर्ग दाखल होतो, पंचनामा होतो, आणि मृत्यू आत्महत्येचा असल्यास त्याचे कारण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ठरावीक यादीतून निवडले जाते. त्या यादीत ‘मादक पदार्थ व दारूचे व्यसन’ हे एक कारण आहे. २०१५ च्या अहवालात देशातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपैकी ३८.७ टक्के कर्जबाजारीपणाखाली, १९.५ टक्के शेतीच्या अडचणींखाली आणि ४.९ टक्के व्यसनाखाली नोंदल्या गेल्या. त्या वर्षी महाराष्ट्रात ३,०३० शेतकऱ्यांनी आत्महत्या केली होती. अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ आणि वर्धा हे सहा जिल्हे राज्य सरकारने २००५-०६ मध्येच विशेष मदतीसाठी निवडलेले होते आणि मृताच्या कुटुंबाला १ लाख रुपये देण्याची योजना लागू होती. प्रकरण पात्र की अपात्र हे नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा या कसोट्यांवर जिल्हा समिती ठरवी. व्यसन, आजार किंवा घरगुती भांडण असे कारण पुढे आले की प्रकरण अपात्रतेकडे झुके.

१८९२ च्या रकान्याशी याचे साम्य उघड आहे. तेव्हा ‘गांजा’ लिहिणे सोपे होते म्हणून तो जास्त लिहिला गेला. आता ‘दारू’ लिहिली तर कुटुंबाची मदत जाते, म्हणून घरचे ती लपवतात. आणि जेथे ती लिहिली जाते तेथे कर्ज आधी आले की बाटली, हा काळाचा प्रश्न कोणी विचारत नाही. पाऊस गेला, सावकाराचे देणे अंगावर आले आणि मग माणूस गुत्त्यावर बसू लागला, अशी गोष्ट एका शब्दाच्या रकान्यात मावत नाही. व्यसन हा आजार आहे असे एकीकडे कायदा मान्य करतो, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारांचा मानसिक आजारात समावेश केलेला आहे. आणि दुसरीकडे तोच आजार कारण म्हणून लिहिला गेला तर विधवेचा हक्क डळमळतो. ही विसंगती आकडेवारीची नव्हे, न्यायाची आहे.

गावाने स्वतःच्या दारूविषयी स्वतः मोजणी करण्याची एकच कायदेशीर रीत महाराष्ट्रात रुजली, आणि ती बायकांनी रुजवली. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मतदानाचे नियम राज्य सरकारने २००८ मध्ये नव्याने घालून दिले. गावातील २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी छापलेली असते, उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवाना रद्द होतो. शाळेच्या खोलीत, हातातले काम टाकून आलेल्या बायकांची रांग, हा व्यसनाच्या आकडेवारीचा असा प्रकार आहे ज्यात माहिती देणारी बाई आणि त्या माहितीचा परिणाम भोगणारी बाई एकच असते.

पुढचे राष्ट्रीय सर्वेक्षण जेव्हा होईल, तेव्हा त्याने राज्याच्या आकड्यावर न थांबता तालुक्यापर्यंत उतरावे, आणि त्याआधी बुलढाण्यासारख्या एका जिल्ह्यातील एका वर्षाच्या मर्ग-नोंदी घेऊन, १८९३-९४ च्या आयोगाने २२२ प्रकरणांची केली तशी, प्रत्येक घरी जाऊन बायको, आई आणि शेजाऱ्याला विचारून त्यांची फेरतपासणी करावी. हे काम करू शकणारी आशा कार्यकर्ती आणि पोलीस पाटील गावोगाव आहेत, आणि केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे. तोवर, ठाण्यात किंवा दवाखान्यात ज्याच्या हाती पेन असेल त्याने कारणाचा रकाना भरण्यापूर्वी घरच्यांना एवढे तरी विचारावे की, आधी काय झाले होते.